आता समुद्र लागत नाही

त्या सकाळी प्रयोगशाळेत कोणी ओरडलं नाही, कोणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. दर्शना डोर्लेकर पडद्यासमोर बसली होती आणि पडद्यावरची हिरवी रेघ सरळ चालली होती, एवढंच. याआधी दरवेळी ती रेघ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मान टाकायची. या खेपेला दोन महिने उलटून गेले तरी ती ताठ होती.

संस्थेचे संचालक डॉ. रघुवीर दामले चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. 

"ही रेघ खरी आहे का गं?"

"खरी वाटतेय, सर."

"वाटतेय म्हणजे?"

"वर्षभर अशीच चालली की खरी म्हणेन."

दामले समाधानाने हसले. "म्हणून तर हे काम तुझ्याकडे दिलं. दुसऱ्या कुणी एव्हाना पेढे वाटले असते."

मागे एका परदेशी गटाने असे पेढे वाटले होते. जगभर गाजावाजा झाला, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या काचा काळवंडल्या. तेव्हापासून या विषयाचं नुसतं नाव काढलं तरी लोक गालातल्या गालात हसत.

विषय मात्र हसण्यासारखा नव्हता. अणुवीज म्हटलं की ऐकणाऱ्याला काहीतरी अद्भुत वाटतं. प्रत्यक्षात अणुवीज केंद्र म्हणजे एक अवाढव्य चहाचं आधण. युरेनियमचा अणुगर्भ फुटतो, त्याचे दोन तुकडे भयंकर वेगाने सुटतात, आजूबाजूच्या धातूत आपटून थांबतात आणि तो धातू तापतो. त्या उष्णतेने पाणी उकळायचं, वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचं आणि चक्राने वीज. विसाव्या शतकातली भट्टी आणि तिच्या गळ्यात अठराव्या शतकातलं इंजिन. वाफ पुन्हा थंड करण्यासाठी नदी नाहीतर समुद्र हवा, आणि एवढा खटाटोप करून तीन भागांपैकी दोन भाग उष्णता त्या पाण्यात फुकट सोडून द्यायची.

दर्शनाच्या गटाने वाफेलाच रजा दिली होती. त्यांनी इंधनाची इतकी बारीक भुकटी केली की अणूचे फुटलेले तुकडे कणाच्या आत न थांबता बाहेर पडत. ही भुकटी एका बंद टाकीत झेनॉन वायूत तरंगत ठेवलेली. तुकडे वायूवर आदळले की वायू उजळायचा. तो उजेड डोळ्यांना दिसत नसे, अतिनील होता. पण आरशांवरून वळवून तो एका जाड भिंतीपलीकडे नेता येई. तिथे प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्याच्या पातळ काचा बसवलेल्या. छपरावरची सौरपट्टी उन्हाचं जे करते तेच या काचा त्या उजेडाचं करत: सरळ वीज. आरशासमोर उजेड वळतो, किरणोत्सर्ग वळत नाही. तो भिंतीत जिरतो.

सगळा जिरत नाही, हीच मेख होती. थोडासा निसटून काचांपर्यंत पोचायचा आणि काचांना मोतीबिंदू व्हायचा. दर्शनाने शोधून काढलं ते इतकंच, की या काचा एका ठरावीक तापमानाला गरम ठेवल्या तर किरणोत्सर्गाने त्यांच्या आत पडलेल्या जखमा आपोआप भरून येतात. जखम होते आणि भरते, होते आणि भरते. काच स्वच्छ राहते, आणि तिच्यातून निघणारी वीज दाखवणारी हिरवी रेघ सरळ.

दुपारी तिने अहवालासाठी जुन्या आणि नव्या केंद्राचे आराखडे शेजारी शेजारी काढले. जुन्यातलं जे लागणार नव्हतं त्यावर लाल काट मारायला सुरुवात केली. बाष्पक गेला. चक्र गेलं. वाफ थंड करणारी नळ्यांची जुडी गेली. नव्या रचनेत उष्णता उरायची ती थोडी, आणि इतक्या चढ्या तापमानाची की सरळ हवेत सोडता यायची. शेवटी समुद्रातून पाणी आणणारा जाड नळ उरला. त्यावरही तिने काट मारली, आणि पेन कागदावर तसंच राहिलं.

त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला नांदखोल होतं. तिचं गाव.

नांदखोल रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडी जिथे समुद्राला मिळते त्या टोकावर वसलेलं. वस्ती खारव्यांची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांची. दर्शनाचे वडील लक्ष्मण ऊर्फ लखू डोर्लेकर तिथले नावाजलेले तांडेल. समुद्रात होडी त्यांच्या हुकमावर चाले आणि किनाऱ्यावर गावही. टोकावर अणुवीज केंद्र येणार अशी बातमी आली तेव्हा लखू तांडेलनेच पहिल्यांदा होड्यांवर काळी निशाणं लावली. केंद्रातून सुटणाऱ्या गरम पाण्याने खाडीतला मासा पळेल म्हणून त्याने मोर्चे काढले, कोठडीत राहून आला. दर्शना तेव्हा मुंबईत पदार्थविज्ञान शिकत होती. सुट्टीत घरी आली की बाप-लेकीचा वाद रंगे. देशाला वीज हवी, ती कोळशाने करायची तर तोच समुद्र वर चढून गाव गिळेल, असं ती मांडायची, आणि लखू चिडून उठून जायचा. पण ऐकायचा. हळूहळू त्याचा विरोध निवळला. "माझी पोर त्यातलीच हाय, ती खोटं नाय सांगणार," असं तो लोकांना सांगू लागला. तांडेल फिरला तसा गाव फिरला. वरच्या कातळावर पुनर्वसनाची वसाहत उभी राहिली, अर्धंअधिक गाव तिकडे गेलं. आता फक्त खाडीलगतचा खारवीवाडा उरला होता.

आराखड्यावर ती काट मारली त्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला.

"गो बाय, दोन दिवस येऊन जाशील काय? तुझी आत्या ऐकत नाय. ती हलत नाय म्हणून सगळा वाडा थांबलाय. कुणाचं नाय ऐकणार ती, तुझं ऐकेल."

"कधीपर्यंत जायचंय त्यांना?"

"महिनाअखेर. त्याच्यानंतर जो राहील त्याला ना घर, ना मुलाला नोकरी. पोलीस येऊन बाहेर काढतील. तू ये गो."

फोन ठेवून दर्शना तडक दामल्यांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "सर, मला माझ्या गावाला सांगायचंय."

दामल्यांनी तिला बसवलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो.

"समज, तू सांगितलंस," ते म्हणाले. "तुझ्या शब्दावर वाडा थांबला. महिनाअखेर उलटली. आणि आठव्या महिन्यात तुझी काच काळी पडली. मग?"

दर्शनाने मनात महिने मोजले.

"केंद्र होणारच. त्यांना पोलीस काढणार, आणि हातात काही नाही. याला जबाबदार कोण?" ते थोडे पुढे झुकले. "गुप्ततेचा नियम वगैरे बाजूला ठेव. तू मला सांग, काच वर्षभर टिकेल, याची तुला आज खात्री आहे?"

"नाही."

"मग तू कशाच्या जोरावर बोलणार? तू शास्त्रज्ञ आहेस, दर्शना. ज्योतिषी नाहीस."

या युक्तिवादात तिला कुठे फट सापडेना. खरं म्हणजे, फट नाही हे पाहून तिला आत कुठेतरी बरंच वाटलं होतं.

*

द्वारकाआत्या लखूची थोरली बहीण. नवरा तरुणपणीच समुद्रात गेला, तेव्हापासून माहेरीच. दर्शनाची आई वारल्यावर तिला वाढवलं ते आत्याने. पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर घेऊन आठवडी बाजार गाठायचा आणि दुपारी येऊन पोरीला आमटी-भात घालायचा. बाजारात तिची जागा ठरलेली, पहिल्या ओळीत, आणि तिच्याशी घासाघीस करायची कुणाची छाती नव्हती.

दर्शना पोचली तेव्हा आत्या दारात बोंबील वाळत घालत होती. मागे खाडीचं पाणी चढत होतं. शेजारपाजारची माणसं जमू लागली, लखू तांडेलही आला. त्याने लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आली बघा. आता हिलाच विचारा."

आत्याने हात पदराला पुसले. "मी एकच विचारणार. गो दर्शा, ह्यांना हीच जागा कशाला पाहिजे? डोंगरावर करू दे की काय करायचं ते."

"पाणी लागतं, आत्या. वाफ थंड करायला समुद्राचं पाणी लागतं."

"त्याच्याबिगर होतच नाय?"

आवाज साधाच होता. म्हातारी बाई आपल्या घराबद्दल विचारत होती. पण दर्शनाला वाटलं, आपण आराखड्यावर मारलेली ती लाल काट हिला दिसतेय. भोवती माणसं उभी होती. लखू मान ताठ करून लेकीकडे बघत होता. आत्याच्या मागे दोन तरुण बायका कडेवर पोरं घेऊन थांबल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यांना केंद्रात नोकरी मिळणार होती, वेळेत घर सोडलं तर.

"आज जे केंद्र मंजूर झालंय," दर्शना शब्द जपून म्हणाली, "त्याला समुद्र लागतोच."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

आत्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग खाली वाकून काठीवरचे बोंबील काढायला लागली, अजून ओलेच होते ते.

"मग झालं तर," ती म्हणाली. "तू सांगतेस म्हणजे तसंच असणार. लखू, टेम्पो कधी येतो ते विचार."

परतीच्या वाटेवर लखू गाडीपर्यंत सोडायला आला. त्याला भरून आलं होतं. "मी वर्ष झालं घसा फोडून सांगतोय, आणि तू एका वाक्यात केलंस बघ," तो म्हणाला. दर्शनाने गाडीचं दार लावून घेतलं.

महिनाअखेरीला वाडा हलला. वेताळाच्या देवळातला पाषाण वाजतगाजत कातळावर नेला. होड्या लांबच्या बंदरात गेल्या. वसाहतीतून तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत, त्यामुळे बहुतेकांनी त्या विकून टाकल्या. मग यंत्रं आली आणि सगळी घरं पाडून सपाट केली. टोकाभोवती तारेचं कुंपण पडलं.

दर्शनाने हे सगळं फोनवर ऐकलं. फोन ठेवून ती रोज हिरवी रेघ बघायला जायची. त्या दिवसांत तिच्या मनात असं काही येऊन गेलं जे तिने कधी कुणाला सांगितलं नाही: काच काळी पडावी. आयुष्यभराचं काम मातीत जावं, पण काच काळी पडावी.

काच काळी पडली नाही.

*

घोषणा झाली तेव्हा देश वेडा झाला. वाफेविना अणुवीज! साखर कारखान्याएवढ्या जागेत मावणारं केंद्र, जुन्या कोळशाच्या केंद्रांच्या आवारातच बसवता येणारं, ना धूर, ना धरण, ना समुद्र. दर्शना डोर्लेकरचं नाव घराघरांत पोचलं. एका वाहिनीच्या मुलाखतकाराने तिला विचारलं, "मॅडम, सामान्य माणसाला एका वाक्यात सांगायचं तर या शोधाने काय बदललं?"

तिच्याआधी शेजारी बसलेले दामलेच उत्साहाने बोलून गेले, "आता समुद्र लागत नाही!"

ते वाक्य दुसऱ्या दिवशी सगळीकडे मथळा म्हणून छापून आलं.

आठवड्याच्या आत किनाऱ्यावरचं नियोजित केंद्र रद्द झालं. वडिलांचा फोन येईल म्हणून दर्शना वाट बघत राहिली. तो आला नाही. शेवटी तिनेच केला.

"तुला टीव्हीवर बघितली," लखू म्हणाला. आवाजात राग नव्हता. "एक विचारू? तुला कधी समजलं हे?"

ती खोटं बोलू शकली असती. "वर्ष झालं, बाबा."

"म्हणजे आत्याच्या दारात उभी होतीस, तेव्हा ठाऊक होतं."

"खात्री नव्हती. काच कधीही जाऊ शकली असती. मी सांगितलं असतं आणि ते चुकलं असतं तर तुमचं घरही गेलं असतं आणि—"

"खात्री," लखू म्हणाला. तो शब्द त्याने तोंडात घोळवला. "दर्यात मला कधी खात्री असायची गो? वारा जरा निराळा लागला की तांडेल बाजूच्या होडीला हाक मारतो. वादळ आलंच नाय तर लोक हसतात. हसतात तर हसू देत. मागे फिरायचं की नाय ते ज्याचं त्याने ठरवायचं. पण हाक मारायची असते."

 पलीकडून फोन बंद झाला.

गावाने जमीन परत मागितली. मोर्चा निघाला, अर्ज झाले, मंत्र्यांना भेटून झालं. उत्तर सगळीकडून एकच: जमीन सार्वजनिक कामासाठी घेतली होती, एक काम रद्द झालं म्हणून जमीन परत जात नाही, दुसरं काम येईल. दर्शनाने आपल्या ओळखीच्या प्रत्येकाला गाठलं. सगळ्यांनी तिला अदबीने बसवून घेतलं आणि मान डोलावली. यातून काही निघालं नाही.

नोकऱ्याही गेल्या, कारण त्या केंद्रातल्या होत्या. वसाहत कातळावर तशीच राहिली. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची आणि लांबून चमकणारा समुद्र पाहायचा.

रत्नागिरीत एका समारंभात दर्शनाचा सत्कार झाला. तो आटोपून ती आत्याचा पत्ता शोधत निघाली. आत्या आता वसाहतीत नव्हती. शहराबाहेर कोळंबी सोलून गोठवायचा एक कारखाना होता, तिथे बायकांच्या ओळीत ती बसली होती. थंड पाण्याने बोटं पांढरीफटक पडलेली. दर्शनाला बघून ती उठली नाही.

"लांब बस गो," ती म्हणाली, "साडीला वास लागेल."

दर्शना तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली. "आत्या, माझ्याकडे चल. पुण्याला."

"तिथे काय करू? तुझ्या भिंती बघत बसू?" आत्याचे हात चालूच होते. "तुझा तो उजेड चालतो ना नीट?"

"चालतो."

"मग बरं. फुकट नाय गेलं."

टोमणा होता की खरंच तसं म्हणायचं होतं, दर्शनाला ओळखता आलं नाही. मग आत्याच म्हणाली, "माझं सोड. मी कुठेही बसून चार पैसे मिळवीन. लखूकडे बघ. वसाहतीत त्याच्याशी कुणी बोलत नाय. त्याला आधीपासून सगळं ठाऊक होतं म्हणतात. लेकीने बापाला सांगितलं नाय, यावर कोण विश्वास ठेवील? आतून कायतरी घेतलं असेल त्याने, म्हणतात."

"मग बाबा सांगत का नाहीत त्यांना? त्यांना खरंच ठाऊक नव्हतं!"

आत्याने पहिल्यांदाच हात थांबवले. "सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पोरीने मला फसवलं म्हणून? तोंडाने कसं निघेल ते त्याच्या? त्यापरीस चोर म्हणवून घेतो तो."

*

दोन वर्षांत नव्या धर्तीची वीजकेंद्रं राज्यात ठिकठिकाणी उभी राहिली. वीज स्वस्त झाली. दर्शनाच्या टेबलावर जगभरातून आमंत्रणं येऊन पडू लागली. मग एक प्रश्न समोर आला, आणि तो येणार हे तिच्या गटाला पहिल्यापासून माहीत होतं. टाकीतली भुकटी जुनी झाली की बदलावी लागते. काढलेली भुकटी हजारो वर्षं जिवंत असते, किरणोत्सर्ग सोडत राहते. ती कुठेतरी ठेवायला हवी.

समितीची बैठक मुंबईत झाली. मेहेंदळे नावाच्या सनदी अधिकाऱ्याने भिंतीवर नकाशा लावला होता.

"तीन जागा आहेत," तो म्हणाला. "पण खरं पाहता एकच. खडक घट्ट, समुद्रमार्गे वाहतूक होते त्यामुळे कुठल्याही शहरातून न्यायला नको, जमीन सरकारच्या ताब्यात, कुंपण तयार. आणि मुख्य म्हणजे लोकवस्ती शून्य." त्याने बोट ठेवलं. "नांदखोल."

दर्शना म्हणाली, "शून्य नाही. वर कातळावर लोक राहतात."

"ती वसाहत ठरवलेल्या अंतराच्या बाहेर आहे, मॅडम. तुमच्याच गटाने ठरवलेलं अंतर आहे ते."

"त्या लोकांना ती जमीन परत हवी आहे."

"ती परत जाणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि समजा इथे नको म्हटलं, तर दुसरी जागा ही." त्याने नकाशावर बोट सरकवलं. "इथे कातकऱ्यांचे पाडे आहेत. त्यांना उठवावं लागेल. तिसरीकडे दोन गावं आहेत. आणखी किती लोकांना घराबाहेर काढायचं? नांदखोलला निदान कुणाला काढायची गरज नाही."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने नकाशा पाहिला, खडकाचे आकडे पाहिले, भूकंपाचे पाहिले, पाणी कुठून कुठे झिरपतं ते पाहिलं. हरकत घ्यायला एखादी खरी, शास्त्रीय हरकत मिळावी म्हणून तिने तासभर एकेक प्रश्न विचारला. प्रत्येकाला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर बरोबर होतं. जागा उत्तमच होती. ती रिकामी होती, आणि तिला रिकामी करणारं वाक्य कुणाच्या तोंडचं होतं ते त्या खोलीत दर्शनाला एकटीलाच ठाऊक होतं.

"डॉ. डोर्लेकर, तुमचं मत?" अध्यक्षांनी विचारलं.

"जागा योग्य आहे," दर्शना म्हणाली.

बातमी फुटायला अजून आठवडा होता. या वेळी मात्र तिने कुणाला विचारलं नाही. गुप्ततेचा नियम तोच होता, त्यावर सहीही होती. ती गाडी काढून सरळ कातळावर गेली.

दुपारची वेळ होती. वसाहतीतले रस्ते ओस होते. एका ओट्यावर दोघे बसले होते, तिला ओळखून त्यांनी तोंड फिरवलं. लखू घराच्या पडवीत एकटाच होता. म्हातारा झाला होता. समुद्रावरच्या माणसाची रापलेली कातडी आता सैल पडून करडी दिसत होती. तिला बघून त्याने बाजूची खुर्ची पुढे सरकवली.

तिने सगळं सांगितलं. काय ठेवणार, किती वर्षं, धोका किती आणि तो किती लहान आहे. "बाबा, अजून कुणालाच माहीत नाही. मी आधी तुम्हाला सांगायला आले," ती म्हणाली. "आणि मी इथल्या लोकांशी बोलणार आहे. तुम्हाला काही ठाऊक नव्हतं, हे मी त्यांना तोंडावर सांगणार आहे. आज, आत्ता."

"नको," लखू म्हणाला. "सांगून घर वाचलं असतं तेव्हा सांगायचं होतं. आता नुसतं तुमचं मन हलकं होईल."

तो खाली, कुंपणापलीकडच्या टोकाकडे बघू लागला. मग त्याने विचारलं, "तुम्ही होय म्हणालात?"

"समितीने एकमताने—"

"समितीचं नाय विचारत." तो वळून तिच्याकडे बघत होता, परक्या माणसाकडे बघावं तसं, नीट, अदबीने. "तुम्ही. तुम्ही होय म्हणालात?"

दर्शनाच्या कानात तो शब्द तेव्हा शिरला. जन्मापासून या माणसाने तिला गो म्हटलं होतं, बाय म्हटलं होतं, रागावला तर कार्टे म्हटलं होतं. बापाच्या तोंडून 'तुम्ही' तिने कधी ऐकलं नव्हतं. जिल्हाधिकारी वाड्यावर आले होते तेव्हा त्यांच्याशी बोलताना ऐकलं होतं तेवढंच.

"हो," ती म्हणाली.

लखूने मान हलवली. गुडघ्यांवर हात रोवून तो सावकाश उठला आणि आत गेला. आत भांड्यांचा आवाज झाला. तो परत आला तेव्हा त्याच्या एका हातात बशी होती, बशीत गुळाचा खडा. दुसऱ्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला, तो सांडू नये म्हणून फार जपून धरलेला.

"उन्हाच्या आलात," तो म्हणाला. "घ्या."